जाग आली, हे कळायचे कसे?

२२ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने समाजमाध्यमांवर एक छोटेसे निवेदन प्रसृत केले. विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हर जागे झाले आहेत का हे जाणण्यासाठी त्यांच्याशी संपर्क साधण्याचे प्रयत्न केले. अद्याप त्यांच्याकडून कोणतेही संकेत मिळालेले नाहीत. प्रयत्न चालू राहतील, एवढाच त्याचा आशय होता. पुढच्या चर्चेत मात्र या निवेदनाचे हळूहळू एका निराळ्याच वाक्यात रूपांतर झाले. विक्रम आणि प्रज्ञान जागे झाले नाहीत, असे लोक म्हणू लागले आणि आजही म्हणतात.

ही दोन वाक्ये एकच नव्हेत. संकेत मिळाले नाहीत हे निरीक्षण आहे. जागे झाले नाहीत हा निष्कर्ष आहे. दूरवर ठेवलेले एखादे यंत्र सुरू झाले की नाही, झाले तर कितपत धडपणे झाले, हे ओळखण्याची जी विद्या आहे, ती सगळी या दोन वाक्यांमधल्या फटीत मावते. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात तिच्या वाट्याला फार तर अर्धा तास येतो. यंत्र चालू कसे करायचे हे शिकवले जाते. ते चालू झाले नाही तर त्याचा पत्ता कसा लागेल, हे बहुतेकांना पहिल्या फजितीनंतरच कळते.

आधी चंद्रावरची परिस्थिती पाहू. चांद्रयान-३ चा लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी सुमारे ६९.४ अंश दक्षिण अक्षांशावर उतरला. चंद्रावरचा एक दिवस आपल्या जवळपास चौदा दिवसांएवढा असतो, आणि मोहिमेची आखणी तेवढ्याच काळासाठी होती. २ सप्टेंबरला प्रज्ञानला आणि ४ सप्टेंबरला सकाळी आठच्या सुमारास विक्रमला निद्रावस्थेत नेण्यात आले. झोपी जाताना दोघांची स्थिती सारखी नव्हती, आणि हा तपशील सहसा विसरला जातो. प्रज्ञानची बॅटरी पूर्ण भरलेली होती, सौर पॅनेल पुढच्या सूर्योदयाच्या दिशेने वळवलेले होते आणि रिसीव्हर चालू ठेवला होता. विक्रमचेही रिसीव्हर चालू होते. पण सूर्यप्रकाश संपला की उरलेली बॅटरी संपेपर्यंत तो जागा राहणार आणि मग निजणार, असे जाहीर करण्यात आले होते. म्हणजे एक जण भरल्या पोटी झोपला, दुसरा रिकाम्या.

रात्रीचे तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. अशा रात्री तग धरण्याचा रुळलेला उपाय म्हणजे किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर चालणारी शेगडी. चीनच्या चांग-ई मोहिमांनी ती वापरली, त्याआधी सोव्हिएत लुनोखोदांनी वापरली. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेली एकेक वॅटची अशी दोन एकके चांद्रयान-३ सोबत गेलीही होती; पण ती प्रॉपल्शन मॉड्यूलवर, चाचणीसाठी. लँडर आणि रोव्हरवर ती नव्हती. ही चूक नव्हती. चौदा दिवसांच्या कामासाठी तेवढेच वजन न्यायचे, हा निर्णय होता. दुसऱ्या दिवसाची आशा हा हिशेबाबाहेरचा लाभ होता.

आता ‘जाग येणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहावे. झोपलेला माणूस डोळे उघडतो, तशी यंत्राला एका क्षणात जाग येत नाही. ती एक साखळी असते. सौर पॅनेलवर प्रकाश पडला पाहिजे. चंद्रावर हवा नसल्यामुळे तिथली पहाट आपल्यासारखी मंद नसते; सूर्यबिंब क्षितिजावर आले की ऊन जवळपास पूर्ण तेजाचे असते. पण त्या अक्षांशावर सूर्य वर चढतो तो दिवसाला, म्हणजे आपल्या चोवीस तासांत, जेमतेम चार अंश. दोन अंश उंचीवरच्या सूर्याने एक मीटर उंचीच्या दगडाची सावली २८ मीटर लांब पडते. तेव्हा पॅनेलचा कोणता भाग केव्हा उजेडात येईल, हे आजूबाजूच्या प्रत्येक उंचवट्यावर अवलंबून असते. वीज आली, तरी ती लगेच बॅटरीत भरता येत नाही. शून्याखालच्या तापमानात लिथियम-आयन बॅटरीत प्रवाह ढकलला, तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची अधू होते. आधी ऊब यायला हवी. मग व्होल्टेज स्थिर व्हायला हवे. मग प्रोसेसरला ठोके देणारा स्फटिक आंदोलू लागला पाहिजे. मग स्मृतीतला प्रोग्राम शाबूत सापडला पाहिजे. मग रेडिओ, मग अँटेना. उणे २०० अंशांवर आकुंचन पावताना काच, तांबे, सिरॅमिक आणि डाख हे प्रत्येक जण आपापल्या प्रमाणात आकसतात. एखाद्या डाखाला केसाएवढी चीर पडली, की साखळी तिथे तुटते.

यातली कोणतीही कडी निखळली तरी पृथ्वीवर जे ऐकू येते ते एकच: काही नाही.

प्रज्ञानच्या बाबतीत तर आणखी एक गाठ आहे. रोव्हर थेट पृथ्वीशी बोलत नव्हता. त्याचा संवाद फक्त लँडरशी. लँडर तो पुढे पृथ्वीकडे पाठवणार, अशी रचना होती. छोट्या रोव्हरवर मोठा ट्रान्समीटर बसवण्यापेक्षा हे शहाणपणाचेच. पण याचा अर्थ असा, की भरल्या बॅटरीने निजलेला, सूर्योदयाकडे तोंड करून उभा असलेला प्रज्ञान २२ सप्टेंबरच्या सुमारास खरोखरच जागा झाला असता, त्याने ठरल्याप्रमाणे हाकही दिली असती, आणि शेजारचा विक्रम उठला नसता, तर बेंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील अँटेनाला त्याचा मागमूसही लागला नसता. असे घडले, असा दावा येथे नाही. असे घडले नाही, असा दावाही कुणाला करता येणार नाही, एवढेच. जागे होण्याची खबर ज्याच्यामार्फत यायची तोच झोपलेला असेल, तर शांततेतून दोघांपैकी एकाविषयीच काही कळते.

चंद्र दूर आहे. पण हीच कोंडी कॉलेजच्या गच्चीवरही होते. कल्पना करा, एखाद्या विद्यार्थिनीने तापमान आणि पाऊस मोजणारे छोटे यंत्र बनवले आहे: एक मायक्रोकंट्रोलर, एक लिथियम-आयन सेल, हाताच्या पंजाएवढे सौर पॅनेल आणि मोबाइलच्या जाळ्यावरून मजकूर पाठवणारे जीएसएम मॉड्यूल. प्रयोगशाळेच्या टेबलावर ते महिनाभर उत्तम चालते. जुलैत गच्चीवर ठेवल्यावर आठवडाभर ढग राहतात, सेल रिकामा होतो आणि यंत्र गप्प होते. यात काही नवल नाही. नवल पुढे आहे. ऊन परत येते, दोन दिवस कडक ऊन पडते, तरीही यंत्र गप्पच. वर जाऊन यंत्र खाली आणावे, टेबलावरची वीज जोडावी, तर ते निमूट चालते. पुन्हा गच्चीवर नेले की पुन्हा मौन.

अशा वेळी पहिला संशय हवामानावर जातो, दुसरा मोबाइल कंपनीवर. खरे कारण पहाटेत असते. ऊन चढू लागते, तसे व्होल्टेज हळूहळू वर येते. एका मर्यादेवर मायक्रोकंट्रोलर जागा होतो आणि शिकवल्याप्रमाणे पहिल्यांदा जीएसएम मॉड्यूल चालू करतो. हे मॉड्यूल जाळ्याशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. अर्धमेल्या सेलला तो देणे झेपत नाही. व्होल्टेज कोसळते आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. भार हटताच व्होल्टेज पुन्हा सावरते आणि तो पुन्हा जागा होतो, पुन्हा मॉड्यूल चालू करतो. दर दोन-तीन सेकंदांनी जन्म आणि मरण. जेवढी वीज उन्हातून येते तेवढी या धडपडीत जाते. सेल कधीच भरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते यंत्र मेले आहे. प्रत्यक्षात ते दिवसातून हजारो वेळा उठत असते.

या रोगावरचे उपचार साधे आहेत, पण ते आधी करून ठेवावे लागतात. मायक्रोकंट्रोलरमध्ये एक छोटी नोंदवही असते: मागचा रीसेट कशामुळे झाला, हे ती सांगते. वीज नव्याने आली म्हणून, व्होल्टेज खाली घसरले म्हणून, की वॉचडॉगने खेचले म्हणून. प्रोग्रामने उठल्याउठल्या, इतर काहीही करण्याआधी, ही नोंद वाचून वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत ठेवावी. किती वेळा उठलो याचा एक आकडा ठेवावा. सुरुवातीच्या प्रत्येक पायरीवर पाय टाकण्याआधी त्या पायरीचा क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे पडलो तर कुठे पडलो हे पुढच्या वेळी कळेल. रेडिओला हात लावण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे. ते पुरेसे नसेल तर पुन्हा झोपावे. आकडा फार वाढला तर सगळी कामे सोडून फक्त तग धरण्यापुरते जगावे. आणि पहिला संदेश जाईल तो पावसाचा नसावा, प्रकृतीचा असावा: कितव्यांदा उठलो, कशामुळे पडलो होतो, व्होल्टेज किती, तापमान किती.

विद्यार्थी यात दोन चुका हमखास करतात. एक म्हणजे उठल्याबरोबर आकडा शून्य करणे. उठणे म्हणजे बरे होणे नव्हे. काही मिनिटे स्थिरपणे काम केल्यानंतर, पहिला संदेश पोहोचल्याची पोच मिळाल्यानंतरच आकडा पुसावा. दुसरी चूक वॉचडॉगची. हा एक स्वतंत्र टायमर असतो. प्रोग्रामने त्याला ठराविक वेळात हाक दिली नाही तर प्रोग्राम अडकला असे समजून तो यंत्र रीसेट करतो. पुष्कळ जण ही हाक एका टायमर इंटरप्टमधून देतात, कारण ते सोपे असते. मुख्य प्रोग्राम कुठल्याशा फेऱ्यात कायमचा अडकला तरी इंटरप्ट नेमाने येत राहतो, आणि वॉचडॉग समाधानाने बसून राहतो. घरात माणूस बेशुद्ध पडला आहे आणि घड्याळाची टिकटिक ऐकून राखणदार म्हणतो, सारे ठीक आहे.

तिसरीही एक चूक आहे; तिला चूक म्हणणे थोडे कठोर होईल, कारण ती अति काळजीतून होते. टिकाऊ स्मृती म्हणून वापरल्या जाणाऱ्या ईप्रॉमच्या प्रत्येक घराची लिहिण्याची क्षमता साधारणपणे एक लाख वेळांची सांगितली जाते. एक लाख फार वाटते. पण दर दोन सेकंदांनी पडणारे यंत्र प्रत्येक उठण्याची नोंद एकाच घरात करू लागले, तर हा लाख अडीच दिवसांच्या आत संपतो. प्रकृतीची नोंद ठेवता ठेवता नोंदवहीच फाटते. म्हणून जाणते लोक नोंदी वेगवेगळ्या घरांत फिरवून लिहितात, किंवा अशा झिजेची चिंता नसलेली स्मृती वापरतात.

गच्चीवरचे यंत्र निदान खाली आणता येते. जे आणता येत नाही, त्याच्या बाबतीत ही तयारी हाच सारा फरक असतो. २१ जानेवारी २००४ रोजी मंगळावरच्या नासाच्या स्पिरिट रोव्हरशी सुरळीत संपर्क तुटला. उतरून तीन आठवडेही झाले नव्हते. तो सुरू होत होता, फ्लॅश स्मृतीतील फायलींची यादी वाचू पाहत होता, त्या यादीला लागणारी जागा त्याला पुरत नव्हती, आणि तो रीसेट होत होता. साठाहून अधिक वेळा. रात्री झोपायलाही तयार नव्हता, त्यामुळे बॅटरी संपत चालली होती. तो वाचला, कारण त्याच्या रचनाकारांनी एक आडवाट आधीच ठेवली होती: फ्लॅश स्मृतीला स्पर्श न करता सुरू हो, असा आदेश त्याला देता येत होता. त्या आदेशाने तो शुद्धीवर आला, आजार ओळखता आला, स्मृती पुसून नव्याने मांडता आली. नव्वद मंगळदिनांसाठी गेलेल्या त्या रोव्हरने पुढे सहा वर्षे काम केले. त्या आडवाटेवर काम करणाऱ्याला रचनेच्या वेळी कुणी शाबासकी दिली असेल का, याची शंकाच आहे.

चंद्रावर तर विक्रमनंतर पाचच महिन्यांनी जपानचा स्लिम उतरला. तोही किरणोत्सारी शेगडीविना, आणि उतरताना कलंडलेला. चांद्ररात्र सोसण्यासाठी तो बनवलेला नव्हता. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी पृथ्वीवरून आदेश गेला आणि उत्तर आले. त्या उत्तरातून जे पहिल्यांदा कळले ते विज्ञान नव्हे, प्रकृती: चांद्रदुपार असल्याने संपर्कयंत्रणेचे तापमान फार वाढलेले होते. म्हणून थोड्याच वेळात संवाद थांबवून ऊन उतरेपर्यंत वाट पाहण्याचे ठरले. पुढे मार्च आणि एप्रिलमध्येही, म्हणजे आणखी दोन रात्रींनंतर, त्याने उत्तर दिले. मे महिन्यात दिले नाही. भारतात त्यावेळी काहींनी तुलना केली आणि आपले यंत्र कमी पडले असा सूर लावला. तो सूर अन्यायाचा आहे. अक्षांश वेगळा, बॅटरी वेगळी, रचना वेगळी. आणि दोन्ही यंत्रांनी आपले नेमून दिलेले काम त्याआधीच केलेले होते. बिनशेगडीची रात्र ही परीक्षा कमी आणि सोडत अधिक असते.

विक्रमच्या मौनानंतर महिन्याभराने, २१ ऑक्टोबर २०२३ रोजी, श्रीहरिकोट्यात याच विद्येचे उलटे रूप दिसले. गगनयानाच्या टीव्ही-डी१ या चाचणीची उलटगणती चालू होती. उड्डाणाला पाच सेकंद असताना संगणकाने ती थांबवली. देशभर थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांचा हिरमोड झाला. तपासणीत निघाले ते असे, की दोष इंजिनात नव्हता, इंजिनाच्या सुरुवातीवर देखरेख करणाऱ्या व्यवस्थेत होता. तो दूर करून सकाळी दहा वाजता उड्डाण झाले आणि चाचणी यशस्वी ठरली. अनेकांनी याला खोटा इशारा म्हटले. पण माणसाला वर नेऊ पाहणाऱ्या वाहनाच्या बाबतीत, सुरुवात धड झाल्याची खात्री पटत नसेल तर थांबायचे, हाच नियम योग्य. तिथे शंकेचा फायदा यंत्राला द्यायचा नसतो. चंद्रावरच्या यंत्राबाबत मात्र शंका आली तरी करण्यासारखे काही नसते. आदेश पाठवत राहायचे आणि ऐकत राहायचे.

इस्रोने तेच केले. २२ सप्टेंबरनंतरही हाका जात राहिल्या. उत्तर आले नाही. ३० सप्टेंबरच्या आसपास शिवशक्ती स्थळावर पुन्हा सावल्या लांबू लागल्या. सूर्योदयाआधीच, २ सप्टेंबरच्या निवेदनात, इस्रोने म्हणून ठेवले होते की जाग आली तर पुढचे काम, नाहीतर प्रज्ञान तिथेच भारताचा चांद्रदूत म्हणून राहील. यात भावना होती हे खरे. पण तिच्याआड एक शिस्तही होती. अपेक्षा आणि अंदाज यांची सरमिसळ तिथे नव्हती. पुढच्या निवेदनातही ‘जागे झाले नाहीत’ असे कुठे लिहिले गेले नाही. ज्या अँटेनाने ऐकले, तिला जे ऐकू आले नाही, तेवढेच सांगितले गेले. वैज्ञानिक लेखन शिकणाऱ्यांनी ही दोन छोटी निवेदने एकदा शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हरकत नाही.

विक्रमच्या माथ्यावर नासाने दिलेले एक छोटे उपकरण आहे. सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीच्या अर्धगोल ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेले आठ काचेचे लोलक, वजन जेमतेम वीस ग्रॅम. त्याला बॅटरी नाही, प्रोसेसर नाही, स्मृती नाही. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने तो परत पाठवायचा, एवढेच त्याला येते. १२ डिसेंबर २०२३ रोजी लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर असताना त्याने विक्रमच्या दिशेने लेसरचे स्पंद सोडले. तोवर तिथल्या आणखी काही रात्री उलटून गेल्या होत्या. लोलकांवरून परतलेला उजेड ऑर्बिटरच्या उपकरणाने टिपला.